अकराशे ओळींचं मौन

“आणि तू तिथे नसशील तेव्हा?” मास्तरांनी विचारलं.

“मी कशाला लागतेय तिथे?” शाल्मली हसली. “एक कमांड टाइप करायची. एंटर दाबायचं. बाकी सगळं स्क्रिप्ट बघते.”

“सगळं?”

“सगळं.”

मास्तरांनी सुपातल्या तांदळातून एक खडा उचलला आणि अंगणात भिरकावला.

“रिकाम्या मशीनवर चालवून पाहिलीस?”

“माझ्या लॅपटॉपवर चाळीस वेळा चालवली. एकदाही अडली नाही.”

“म्हणजे चाळीस वेळा आपल्याच घरी पाहुणी गेलीस.”

...

दाभोळच्या खाडीकाठी इब्राहिम परकार मास्तरांचं कौलारू घर आहे. तरुणपणी ते जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. पुढे वीस वर्षं त्यांनी तंत्रनिकेतनात शिकवलं. निवृत्त झाल्यावर पडवीत चार कॉम्प्युटर मांडले आणि शिकवणं चालूच ठेवलं.

त्यांनी मुलांसाठी एक भाषा केली होती. तिचं नाव पाटी. तिच्यात प्रोग्राम मराठीत लिहायचा. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोपर्यंत’, ‘दाखव’. असं लिहिलेलं यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरवणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. तोही मास्तरांनीच केलेला.

मग दरवर्षीच्या मुलांनी त्यात भर घातली. कुणी चुका तपासणारं हत्यार केलं, कुणी तुकडे जोडणारं. अशी सात हत्यारं झाली. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर नाव टाइप करायचं, की ते हत्यार कामाला लागतं.

अडचण एकच होती. ही सात हत्यारं नव्या मशीनवर बसवायची म्हणजे अर्धा दिवस जायचा. त्यासाठी मास्तरांनी हाताने लिहिलेली अकरा पानांची एक वही होती. तिच्या झेरॉक्स काढून ते देत. मुलं त्या वहीला हसत, कारण तिच्यात मध्येच ‘घाबरू नका’ असं लिहिलेलं असे.

शाल्मली घैसास ही मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. आता पुण्याच्या एका कंपनीत कंपायलरवरच काम करत होती. त्या वहीला सगळ्यात जास्त हसली होती ती हीच.

चार महिन्यांचे सगळे रविवार घालून तिने बांधणीची एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनने एकामागून एक पाळायच्या आज्ञांची यादी, लिहिली. ती स्क्रिप्ट सातही हत्यारं ओळीने बांधायची, म्हणजे यंत्राच्या आकड्यांत उतरवायची, एका गाठोड्यात भरायची आणि मशीनवर बसवायची. अकराशे ओळी होत्या. एक कमांड.

गुरुवारची सुट्टी टाकून ती मास्तरांना दाखवायला आली होती.

“मास्तर, तुमची वही आता फाडून टाका,” ती म्हणाली.

“फाडू,” मास्तर म्हणाले. “काष्टेबाई येऊ देत.”

“कोण काष्टेबाई?”

...

काष्टेबाई अकराच्या सुमारास आल्या. काखेत चादरीत गुंडाळलेलं गाठोडं होतं. घामाघूम झालेल्या, पण चेहरा हसरा.

“पहाटेची निघालेय,” त्या टेकत म्हणाल्या. “दोनदा गाडी बदलली. कंडक्टरने ह्याला खिडकीची जागा दिली आणि मला उभं केलं.”

चादर सोडली. आत शाळेचा कॉम्प्युटर होता. जुना, कोपरा चेमटलेला, पण पुसून लख्ख केलेला.

बाई घाटाच्या पायथ्याशी कासारवण्याच्या शाळेत शिकवत. तिथे इंटरनेट नाही, फोनला रेंजही टेकडीवर गेलं तरच.

“मास्तरांनी पाटीचं पुस्तक दिलं तेव्हापासून पोरं लिहितायत,” त्यांनी सांगितलं. “चार महिने झाले. तेवीस पोरं आहेत. वहीतच प्रोग्राम लिहितात.”

“वहीत?” शाल्मलीने विचारलं. “मग चालवतं कोण?”

“मी की. मीच कंपायलर.” बाईंनी कपाळावर बोट ठेवलं. “ओळ ओळ वाचते आणि काय उत्तर येईल ते सांगते. पण माझंही चुकत असेलच ना, ताई? पोरं म्हणतात, बाई, खरं मशीन कधी सांगणार?”

त्यांनी पिशवीतून पाचसहा वह्या काढल्या. कडा कुरतडलेल्या, पानोपान प्रोग्राम.

एकही कधी चाललेला नव्हता.

“माझी परतीची गाडी पावणेचारची,” बाई म्हणाल्या. “ती चुकली तर पुढे खेडला शेवटची मिळत नाही. आणि शाळेत उद्या सगळी पोरं आठ वाजताच येऊन बसणारेत.”

“पावणेचार?” शाल्मली उठली. “बाई, पाऊणतासात मोकळ्या व्हाल तुम्ही. मग खाडी बघून या.”

...

कॉम्प्युटर जोडला. शाल्मलीने पेनड्राइव्ह लावला आणि बाईंसमोर कीबोर्ड सरकवला.

“हे एवढं टाइप करा. आणि एंटर.”

बाईंनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं. एंटर दाबलं.

पडद्यावर लगेच एक ओळ उमटली. अमुक फोल्डर सापडत नाही.

“अगं बाई!” काष्टेबाई वाकून वाचू लागल्या. “ह्यात तर तुमचंच नाव आहे, ताई. शाल्मली. आमच्या शाळेच्या मशीनमध्ये तुम्ही कशा असाल?”

“काही नाही, सरका जरा...” शाल्मलीने कीबोर्ड ओढला. “इथे फक्त हे बदलायचं, मग तिकडे जायचं, आणि...”

मास्तरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“तू कासारवण्याला जाणारेस?”

“नाही.”

“पुढच्या शाळेत?”

“नाही, पण मास्तर, दोन मिनिटांचं...”

“मग बोलू नकोस.”

“म्हणजे?”

मास्तरांनी पडवीच्या पलीकडल्या टोकाच्या झोपाळ्याकडे बोट दाखवलं.

“तिथे बस. लॅपटॉप घे. स्क्रिप्ट हवी तितकी बदल. पेनड्राइव्ह मी ने-आण करीन. पण बाईंशी एक शब्द नाही. खुणा नाहीत. खाकरायचंही नाही.”

“आणि त्यांना काही अडलं तर?”

“जे सांगायचं ते स्क्रिप्टने सांगायचं.”

“मास्तर, गाडी चुकेल त्यांची!”

“म्हणूनच म्हणतो... लवकर गप्प हो.”

शाल्मलीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी खांदे उडवले. त्यांना गंमत वाटत होती.

शाल्मली झोपाळ्यावर जाऊन बसली.

...

पहिली चूक सोपी होती. स्क्रिप्टमध्ये तिने चौदा ठिकाणी आपल्याच लॅपटॉपचा पत्ता लिहून ठेवला होता. स्वतःच्या घरात फिरताना कुणी दारावरची पाटी वाचत नाही, तसं तिला ते कधी दिसलंच नव्हतं.

तिने चौदाही काढले. पेनड्राइव्ह पुढे केला. मास्तरांनी तो नेऊन दिला.

बाईंनी एंटर दाबलं.

या वेळी फोल्डर सापडलं. प्रत्येक हत्याराची एक ओळ, बसलं की हिरवी.

पहिलीच ओळ लाल. “पाटी: अशी कमांड सापडली नाही,” बाईंनी मोठ्याने वाचलं.

शाल्मलीने तोंड उघडलं. मास्तरांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड मिटलं.

हाही पत्त्याचाच घोळ असणार असं तिला वाटलं. तिने पत्ता बदलला.

लाल.

दुसऱ्या प्रकारे बदलला.

लाल.

पहिली चूक ज्या वाटेने सापडली, त्याच वाटेने ती दुसरी शोधत राहिली. तास गेला. पडवीत उन्हाचा पट्टा झोपाळ्याच्या पायाशी आला. बाई वह्या चाळत बसल्या होत्या. मास्तरांचे तांदूळ निवडून झाले.

एरवी कामावर काही अडलं, की शाल्मली चार जणांशी बोलायची. बोलता बोलता उत्तर सापडायचं. आज आत सगळं तुंबून राहिलं होतं.

“जेवायला चला,” फरीदाचाचींनी आतून हाक मारली. चाची म्हणजे मास्तरांची बायको. “मासे गरम आहेत.”

“चाची, आज गुरुवार आहे माझा,” काष्टेबाई ओशाळून म्हणाल्या.

“ते ठाऊक आहे मला. तुमच्यासाठी आमटी आहे, दही आहे.”

चौघं पानावर बसली. शाल्मलीला भूक नव्हती. भाकरीचा तुकडा तिने मोडला आणि तसाच धरून ठेवला.

“दही छान लागलंय हो,” बाई म्हणाल्या. “घट्ट अगदी.”

“कसलं काय!” चाची म्हणाल्या. “परवा मांजराने भांडं उलटवलं. विरजणापुरतंसुद्धा उरलं नाही. दूध होतं, भांडं होतं, ऊब होती, आणि मी बसले बघत. शेवटी शेजारून चमचाभर आणलं तेव्हा लागलं.”

“खरंच की,” बाई हसल्या. “दही लावायला आधी दही लागतं.”

शाल्मलीचा हात तोंडाजवळ थांबला.

पाटीचा कंपायलर पाटी भाषेतच लिहिलेला होता. तो बांधायचा तर आधी एक तयार कंपायलर मशीनवर असायला हवा. तिच्या लॅपटॉपवर तो होता. तीन वर्षांपूर्वी ह्याच पडवीत बसून मास्तरांनी स्वतःच्या हाताने तो त्यावर बसवून दिला होता. ती विसरून गेली होती.

चाळीस वेळा स्क्रिप्ट चालली होती ती त्या जुन्या चमचाभर विरजणावर. गाठोड्यात ते भरलेलंच नव्हतं.

ती घास ताटात टाकून उठली आणि हात न धुताच पळाली.

“हिला काय झालं?” चाची म्हणाल्या. “तिखट लागलं?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “दही लागलं.”

...

दीड वाजता नवं गाठोडं तयार झालं. त्यात एक छोटासा तयार कंपायलर होता. आधी तो उतरणार, मग त्याच्या जोरावर नवा बांधला जाणार, मग बाकीची सहा.

बाईंनी एंटर दाबलं.

तीन ओळी हिरव्या झाल्या. चार. पाच.

मग काहीच नाही.

काळा पडदा. एका कोपऱ्यात एक पांढरी खूण लुकलुकत होती.

शाल्मलीला ठाऊक होतं, की सहावं हत्यार बांधायला वेळ लागतो. तिच्या लॅपटॉपवर मिनिट लागायचं, ह्या जुन्या मशीनवर सातआठ लागतील. आत सगळं ठीक चाललं होतं.

बाईंना ते ठाऊक नव्हतं.

दोन मिनिटं त्यांनी वाट पाहिली. चार मिनिटं. त्यांनी मशीनला कान लावला. मग घड्याळाकडे पाहिलं.

शाल्मली झोपाळ्याच्या कडेला आली होती. झोपाळ्याची कडी तिने मुठीत घट्ट धरली होती. थांबा, तिला ओरडायचं होतं. थांबा, अजून तीनच मिनिटं.

तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छपराकडे बघत होते.

“अडकलं वाटतं बिचारं,” काष्टेबाई म्हणाल्या आणि मशीन बंद केलं.

शाल्मलीने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

...

सव्वादोन वाजले होते.

तिने अकराशे ओळी पहिल्यापासून वाचायला घेतल्या. बिनचूक दिसत होत्या. नेटक्या होत्या. कुठेही एक शब्द जास्त नव्हता. मधले सगळे संदेश तिने मुद्दाम बंद करून टाकले होते, कारण पडदा स्वच्छ दिसला पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं.

सगळं माहीत असलेल्या माणसाने दुसऱ्या सगळं माहीत असलेल्या माणसासाठी लिहावी, तशी ती स्क्रिप्ट होती.

ती उठली. मास्तरांसमोर आली. बोलायचं नव्हतं म्हणून हवेत बोटाने चौकोन काढला आणि पानं उलटल्यासारखं केलं.

“खुणा चालणार नाहीत म्हटलं होतं,” मास्तर म्हणाले.

तिने बाईंकडे पाठ केली आणि तीच खूण पुन्हा केली.

मास्तर हसले. कोनाड्यातून त्यांनी ती अकरा पानांची वही काढून दिली.

ती झोपाळ्यावर बसून वाचू लागली. तिने ह्या वहीच्या नकला करून दाखवल्या होत्या कॉलेजात. पूर्ण अशी कधी वाचली नव्हती.

‘आता सहावी पायरी. पाच ते दहा मिनिटं पडद्यावर काही दिसणार नाही. घाबरू नका. मशीन काम करत आहे. चहा घ्या.’

पुढच्या पानावर होतं, ‘मध्येच वीज गेली तर पहिल्यापासून करू नका. पान चार पाहा.’

त्याच्याही पुढे, ‘तुमची काही चूक झालेली नाही.’

शाल्मलीने ते वाक्य पुन्हा वाचलं.

मास्तर हे वाक्य कुणासाठी लिहीत असतील? त्यांच्यासमोर कुणीच नसताना ते लिहीत होते. कुठल्यातरी शाळेत, कुठल्यातरी दुपारी, कुणीतरी एकटं बसलं असेल, पडदा लाल झाला असेल...

तिने वही मांडीवर उघडी ठेवली आणि टाइप करायला सुरुवात केली.

आता तिला अडवणारं कुणी नव्हतं. सकाळपासून तुंबलेलं सगळं तिने स्क्रिप्टमध्ये ओतलं. आता काय चाललंय, किती वेळ लागेल, का लागेल. थांबलं तर काय करायचं. मध्येच बंद केलं असेल तर जिथे राहिलं तिथून पुढे.

मास्तर एकदा पेनड्राइव्ह न्यायला आले आणि उभे राहिले. तिने मान हलवली. अजून नाही.

मास्तर चकित झाल्यासारखं दाखवून परत गेले.

...

तीनला पाच मिनिटं कमी.

बाईंनी एंटर दाबलं.

“‘नमस्कार,’” त्यांनी वाचलं. “‘आपण सात हत्यारं बसवणार आहोत. पाच आधीच तयार आहेत. मगाशी तुम्ही मशीन बंद केलंत त्याने काही बिघडलेलं नाही.’ अय्या! ह्याला कसं कळलं?”

त्या पुढे वाचू लागल्या.

“‘आता सहावं. ह्याला आठ मिनिटं लागतील. पडदा शांत राहील. घाबरू नका. चहा घ्या.’”

बाईंनी चष्मा वर केला. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“चाची,” त्या म्हणाल्या, “मशीन चहा घ्या म्हणतंय.”

आतून चाचींच्या हसण्याचा आवाज आला. पाठोपाठ भांड्यांचा.

चहा आला. शाल्मलीलाही झोपाळ्यावर मिळाला. आठ मिनिटं चौघंही काळ्या पडद्याकडे बघत फुर्र फुर्र करत चहा पीत राहिली. एवढी मोठी आठ मिनिटं शाल्मलीने आयुष्यात कधी मोजली नव्हती.

नवव्या मिनिटाला सहावी ओळ हिरवी झाली.

मग सातवी.

“‘झालं,’” बाईंनी वाचलं. “‘आता तुमचा प्रोग्राम लिहा.’”

...

बाईंनी वरची वही घेतली. दोन पानं उलटली आणि थांबल्या.

“हा नको,” त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, “नाही, हाच.”

प्रोग्राम सातवीतल्या देवजी गोरिवलेचा होता. आठ ओळींचा. त्यावर लाल पेनने भली मोठी फुली होती.

“मीच मारलीय,” बाई म्हणाल्या. “त्याने नऊचा पाढा उलटा लिहिलाय. दहापासून खाली. मी म्हटलं, हा कुठे थांबणारच नाही, खालीच जात राहील. तो म्हणाला, थांबेल. मी म्हटलं, नाही थांबणार. तेव्हापासून माझ्या तासाला बोलत नाही पोरगा.”

त्यांनी एकेक अक्षर शोधत आठही ओळी टाइप केल्या. पाटीला चालवायला सांगितलं.

नव्वद. एक्क्याऐंशी. बहात्तर.

आकडे भराभर खाली आले. सत्तावीस. अठरा. नऊ.

आणि पाढा थांबला.

बाईंनी वही पडद्याजवळ धरली.

“थांबला की हो,” त्या म्हणाल्या. “देवजी बरोबर होता.”

त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. फुलीवर आडव्या रेघा मारून ती खोडली. बाजूला लिहिलं, ‘बरोबर. बाईंचं चुकलं.’ खाली सही केली.

शाल्मलीने तोंड दुसरीकडे फिरवलं. झोपाळ्याची कडी उगीचच पुसली.

...

मशीन पुन्हा चादरीत गुंडाळलं गेलं. मास्तरांनी ते उचललं आणि बाईंना गाडीवर सोडायला निघाले. शाल्मलीही मागोमाग गेली.

गाडी उभीच होती. बाई चढल्या. खिडकीतून वाकून म्हणाल्या, “ताई, तुम्ही दिवसभर एक शब्द बोलला नाहीत, पण मला सारखं वाटत होतं, की तुम्ही शेजारी बसलायत.”

शाल्मलीने हात हलवला.

गाडी गेली. धूळ खाली बसली.

दोघं खाडीच्या वाटेने परत निघाली. बरंच अंतर चालून झालं तरी शाल्मली गप्पच होती.

“आता बोललीस तरी चालेल,” मास्तर म्हणाले.

“हो.”

“मग?”

“काही सुचत नाहीये, मास्तर.”

“असू दे. छान वाटतंय.”

ती खळखळून हसली. वाटेवर जाळं सुकवणारी दोन माणसं वळून बघू लागली, इतकी हसली.

घरी आल्यावर मास्तरांनी झोपाळ्यावरची वही उचलली.

“ही आता फाडायची ना?”

शाल्मलीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या पिशवीत घातली.

...

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी शाल्मली पुन्हा दाभोळला आली. मधल्या दिवसांत तिने स्क्रिप्ट आणखी तीन जुन्या मशीनवर चालवून पाहिली होती आणि तिन्ही ठिकाणी ती हात पाठीमागे बांधून गप्प उभी राहिली होती. हे ती मास्तरांना सांगत होती, तेवढ्यात फोन वाजला.

काष्टेबाई होत्या. टेकडीवरून बोलत होत्या, त्यामुळे वारा जास्त आणि बाई कमी ऐकू येत होत्या. मास्तरांनी फोन मोठ्या आवाजात लावला.

“मास्तर, एक गंमत सांगायचीय. आमच्या आठवीच्या पोरी पेनड्राइव्ह घेऊन शेजारच्या माळेवाडीच्या शाळेत गेल्या. तिथलं मशीन काही घेईना.”

शाल्मली सरसावून बसली.

“काय म्हणत होतं, बाई?”

“ताई, तुम्ही आहात होय! अहो, त्यांनी फोल्डरला नाव दिलंय ‘संगणक खोली’. दोन शब्दांचं. तुमची स्क्रिप्ट मधल्या मोकळ्या जागेत अडखळायची. ‘संगणक’ नावाचं फोल्डर सापडत नाही, म्हणायची. पण तसं लिहून यायचं ना, त्यामुळे पोरींना कळलं.”

“मग? मला फोन करायचा ना! मी लगेच...”

“कशाला? त्यांनी स्क्रिप्टच उघडली. म्हणाल्या, नाव दोन शब्दांचं असेल तर अवतरणचिन्हांत घालायचं, हे तर पाटीच्या पुस्तकातच आहे. अकरा ठिकाणी घातली. आणि वर एक ओळ स्वतःची लिहिली, कुणी काय बदललं त्याची. आता माळेवाडीलाही चालतंय. तिथून पुढे ती कुठे गेलीय कुणास ठाऊक, रोज कुणीतरी मागायला येतं... ऐकू येतंय का? हॅलो?”

रेंज गेली.



“अकरा ठिकाणी,” शाल्मली म्हणाली.

मास्तरांनी फोन बाजूला ठेवला.

“मी चार महिने लिहीत होते. आणि ती मोकळी जागा मला दिसली नाही. आठवीतल्या पोरींना दिसली.”

“हं.”

“मला विचारलंसुद्धा नाही त्यांनी.”

“नाही विचारलं.”

“उद्या आणखी कुणी बदलेल. परवा आणखी कुणी. कुठे आहे, कुणाकडे आहे, मला कळणारही नाही.” तिच्या डोळ्यांत पाणीही होतं आणि ओठांवर हसूही होतं, त्यातलं कुठलं आवरावं ते तिला समजत नव्हतं. “मास्तर, म्हणजे माझी स्क्रिप्ट आता माझी राहिलीच नाही...”

मास्तर उठले. आत तोंड करून त्यांनी हाक मारली.

“फरीदा, गोड काहीतरी कर गं. पोरीची स्क्रिप्ट चालायला लागली.”